हरवलेला पेनड्राइव्ह आणि दुसऱ्याचा संगणक : एन्क्रिप्शन व पोर्टेबल ब्राउझर कितपत पुरतात?

प्रश्न : हिशेबनीस, विडी घरकुल

नमस्कार. मी सोलापुरात हिशेबनिसाचे काम करते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतील टॉवेल-चादरींचे तीन कारखाने आणि पूर्व भागातील एक विडी कारखाना, अशा चार ठिकाणची पगारपत्रके, भविष्य निर्वाह निधीचा मासिक भरणा आणि जीएसटीची विवरणपत्रे मी पाहते. मी कोणा एकाची पगारी नोकर नाही. त्यामुळे ज्या दिवशी जिथे जाईन तिथल्या ऑफिसातील संगणकावर बसायचे, पेनड्राइव्ह लावायचा, काम करायचे आणि उठायचे, अशी गेल्या नऊ वर्षांची पद्धत आहे. त्या संगणकावर माझ्या आधी कोणी बसलेले असते आणि माझ्यानंतरही कोणी बसते.

गेल्या महिन्यात विडी घरकुलहून सात रस्त्याकडे येताना माझा पेनड्राइव्ह रिक्षात पडला. त्याच्या दोरीला एका कारखान्याच्या नावाची पट्टी होती, म्हणून रिक्षावाल्या दादांनी दुसऱ्या दिवशी तो तिथे आणून दिला. त्यांचे उपकार मानावे तितके थोडेच आहेत. मात्र मधल्या एका रात्रीत तो कोणाच्या संगणकाला लागला होता का, हे मला कधीच कळणार नाही. त्यात सुमारे तीनशे कामगारांच्या आधार कार्डांच्या प्रती, पासबुकांची पहिली पाने, यूएएन (भविष्य निर्वाह निधीचे खाते ओळखणारे) क्रमांक आणि मोबाइल क्रमांक होते. त्यांतील निम्म्याहून अधिक विडी वळणाऱ्या बायका आहेत. कागदावर काय लिहिले आहे हे न वाचता, केवळ मी सांगते म्हणून त्यांनी ती कागदपत्रे माझ्या हाती दिली आहेत. ती रात्र मला झोप लागली नाही.

तेव्हापासून मी या विषयावर वाचते आहे आणि दोन गोष्टी वारंवार समोर येत आहेत : पेनड्राइव्ह एन्क्रिप्ट करणे (म्हणजे पासवर्डशिवाय मजकूर वाचता येणार नाही अशा रूपात ठेवणे) आणि त्यातच पोर्टेबल ब्राउझर (संगणकावर न बसवता पेनड्राइव्हवरूनच चालणारा) ठेवून सरकारी पोर्टल त्यातून उघडणे. माझ्या घरच्या लॅपटॉपवर विंडोज होम आहे. एका कारखान्याच्या संगणकावर नवीन काहीही बसवू लागले की अॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागितला जातो आणि तो मालकांच्या मुलाकडे असतो. अशा स्थितीत कोणते एन्क्रिप्शन वापरावे, पोर्टेबल ब्राउझर वापरल्यास त्या संगणकावर माझ्या कामाचे काहीच मागे राहत नाही हे खरे आहे का, आणि परत मिळालेल्या या जुन्या पेनड्राइव्हचे काय करावे, याबद्दल अनुभवी व्यक्तींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

उत्तर : संगणक दुरुस्ती, नवी पेठ

ताई, हरवलेल्या, मोडलेल्या आणि व्हायरस लागलेल्या पेनड्राइव्हमधून फायली परत काढून देणे हे माझे रोजचे काम आहे. त्यामुळे शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तो जुना पेनड्राइव्ह फॉरमॅट करून पुन्हा वापरात आणू नका आणि कोणाला देऊही नका. नेहमीच्या क्विक फॉरमॅटमध्ये फायलींची यादी पुसली जाते, फायली जागेवरच राहतात, आणि साध्या मोफत सॉफ्टवेअरने त्या परत काढता येतात. त्यावर दुसरा मजकूर लिहिला तरी पूर्ण खात्री मिळत नाही, कारण फ्लॅश मेमरीचा प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच लिहिता येतो आणि झीज सर्वत्र सारखी व्हावी म्हणून आतील कंट्रोलर नवा मजकूर वेगळ्याच कप्प्यात नेऊन ठेवतो. जुना मजकूर एखाद्या कप्प्यात तसाच उरू शकतो. त्यातले हवे ते काढून घेतल्यावर आतली चिप फोडून टाकणे हाच त्याचा योग्य शेवट आहे. यातूनच दुसरी गोष्ट निघते : नवा पेनड्राइव्ह घ्याल तेव्हा त्यावर पहिली फाइल ठेवण्याआधीच तो एन्क्रिप्ट करा, म्हणजे उघडा मजकूर त्यावर कधी उतरणारच नाही.

आता कशाने करावे ते पाहू. यासाठी दोन साधने सर्वाधिक वापरली जातात. पहिले व्हेराक्रिप्ट. ट्रूक्रिप्ट नावाचे जुने सॉफ्टवेअर २०१४ साली त्याच्या निर्मात्यांनी अचानक बंद केले. त्याच्याच पायावर २०१३ पासून उभे राहिलेले व्हेराक्रिप्ट आज विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते, मोफत आहे आणि त्याचा सोर्स कोड सर्वांना पाहता येतो. मी स्वतः घरी तेच वापरतो. ते पेनड्राइव्हवरूनही चालवता येते. परंतु त्यात फायलींसाठी तयार होणारी कुलूपबंद तिजोरी उघडून ती वेगळ्या ड्राइव्हसारखी दाखवण्यासाठी त्याला विंडोजमध्ये एक ड्रायव्हर (विंडोजला जोडला जाणारा छोटा प्रोग्रॅम) चढवावा लागतो आणि त्यासाठी अॅडमिनिस्ट्रेटरचा अधिकार लागतो. तुम्ही वर्णन केलेल्या त्या एका कारखान्यात ते नेमके इथेच अडेल.

दुसरे साधन म्हणजे विंडोजमधील बिटलॉकर टू गो. ते विंडोज ७ पासून उपलब्ध आहे. ज्याच्याकडे विंडोज प्रो किंवा त्यावरची आवृत्ती आहे त्याच्याच संगणकावर पेनड्राइव्ह एन्क्रिप्ट करता येतो. एकदा एन्क्रिप्ट झालेला पेनड्राइव्ह मात्र विंडोज होमवरही पासवर्ड टाकून उघडतो, त्यावर लिहिताही येते आणि अॅडमिनिस्ट्रेटरची गरज पडत नाही. तुमच्या कामाचे स्वरूप पाहता मी हेच सुचवेन. ज्या मालकांवर तुमचा विश्वास आहे आणि ज्यांच्याकडे प्रो आहे त्यांच्या संगणकावर, तुम्ही स्वतः समोर बसून, एकदाच हे करून घ्या. त्या वेळी दोन प्रश्न विचारले जातील. केवळ वापरलेली जागा की संपूर्ण ड्राइव्ह, यात संपूर्ण ड्राइव्ह निवडा. पुढच्या पडद्यावर कंपॅटिबल मोड निवडा, म्हणजे जुन्या विंडोजवरही तो उघडेल. या दोन प्रश्नांच्या आधी ४८ अंकांची रिकव्हरी की मिळेल. पासवर्ड विसरला तर त्याच अंकांनी पेनड्राइव्ह उघडतो, म्हणून ती त्या मालकांच्या संगणकावर जतन करू नका. कागदावर उतरवून घरच्या कपाटात ठेवा.

एका गैरसमजाबद्दल लिहायलाच हवे, कारण दुकानात तो रोज भेटतो. एक्सेलमध्ये शीट प्रोटेक्ट करणे म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे. त्याने फक्त बदल करण्यास अडथळा येतो, आणि तोही सहज काढता येतो. फाइल उघडतानाच पासवर्ड मागणारी जी सोय आहे, ती नव्या एक्सेलमध्ये खऱ्या अर्थाने एन्क्रिप्शन करते.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. हे सारे कुलूप रिक्षात हरवण्यापुरते आहे. कारखान्याच्या संगणकावर तुम्ही पासवर्ड टाकला की कुलूप उघडते आणि त्या क्षणापासून पेनड्राइव्ह बाहेर काढेपर्यंत त्या संगणकावर चालू असलेला प्रत्येक प्रोग्रॅम तुमच्या फायली तुमच्याइतक्याच सहज वाचू शकतो. टाइप केलेली प्रत्येक अक्षरकळ नोंदवणारा कीलॉगर तिथे असेल तर पासवर्डही त्याच्याकडे जातो. फोल्डरच्या जागी शॉर्टकट दाखवणारा व्हायरस तर आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांतून अजूनही फिरतो आहे, आणि पेनड्राइव्ह उघडला की एन्क्रिप्ट केलेल्या भागातही तो जाऊन बसतो.

उत्तर : संगणक प्रयोगशाळा सहायक, जुळे सोलापूर

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे, म्हणून केवळ ब्राउझरच्या प्रश्नापुरते लिहितो.

पोर्टेबल फायरफॉक्समध्ये तुमचा इतिहास, बुकमार्क, कुकी आणि जतन केलेले पासवर्ड त्याच्याच फोल्डरमध्ये राहतात, संगणकाच्या मूळ ब्राउझरमध्ये जात नाहीत. तुमच्यानंतर बसणाऱ्याला पोर्टलवर तुमचा लॉगिन तयार सापडत नाही, आणि हा लाभ खराच मोठा आहे. पासवर्ड जतन करणार असाल तर त्यात प्रायमरी पासवर्ड (त्या सर्वांवरचा एक मुख्य पासवर्ड) अवश्य ठेवा, अन्यथा तो फोल्डर ज्याच्या हाती पडेल त्याला सर्व पासवर्ड वाचता येतात. क्रोमची पोर्टेबल आवृत्ती मी सुचवणार नाही. क्रोम जतन केलेले पासवर्ड विंडोजच्या त्या त्या वापरकर्त्याच्या खात्याशी जोडून एन्क्रिप्ट करतो, त्यामुळे दुसऱ्या संगणकावर गेल्यावर ते सहसा उपयोगी पडत नाहीत.

परंतु 'काहीच मागे राहत नाही' हे खरे नाही. कोणता पेनड्राइव्ह कधी लावला याची नोंद विंडोज रजिस्ट्रीत (आपल्या अंतर्गत नोंदवहीत) ठेवते. कोणता प्रोग्रॅम चालला याची खूण प्रीफेच नावाच्या फोल्डरमध्ये उरते. पेनड्राइव्हवरून उघडलेल्या फायलींची नावे अलीकडच्या फायलींच्या यादीत दिसत राहतात, आणि एखाद्या कामगाराच्या नावाने फाइल असेल तर ते नावही तिथे राहते. याहून घातक सवय डाउनलोडची आहे. पोर्टलवरून काढलेले चलन किंवा विवरणपत्र कोठे उतरते आहे ते पाहा. अनेकदा ते त्या संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये पडलेले असते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'प्रत्येक वेळी जागा विचारा' हा पर्याय चालू करा आणि पेनड्राइव्हचाच फोल्डर निवडा. झिप फाइलमधून एखादी फाइल थेट दोनदा क्लिक करून उघडली तर तिचीही उघडी प्रत संगणकाच्या टेम्प फोल्डरमध्ये तयार होते आणि प्रोग्रॅम अचानक बंद पडला तर तिथेच राहते. प्रयोगशाळेतील संगणक साफ करताना विद्यार्थ्यांची कागदपत्रे मला तिथे सापडली आहेत, आणि ज्यांची ती होती त्यांना याची कल्पनाही नव्हती.

नेटवर्कच्या बाजूनेही ब्राउझर पोर्टेबल असल्याने काही फरक पडत नाही. पोर्टलचा पत्ता एचटीटीपीएसने सुरू होत असेल तर पानावरील मजकूर वाटेत वाचता येत नाही, पण कोणत्या संकेतस्थळाला भेट दिली हे कारखान्याच्या राउटरला आणि इंटरनेट पुरवणाऱ्याला कळू शकते. सायबर कॅफेत काम करण्याची वेळ आली तर तिथल्या चालकांवर २०११ च्या नियमांनुसार ओळखपत्र पाहण्याची आणि भेट दिलेल्या संकेतस्थळांच्या नोंदी किमान एक वर्ष जपण्याची जबाबदारी आहे, हेही लक्षात असू द्या.

एक बारीक गोष्ट. पोर्टेबल ब्राउझर आपोआप अद्ययावत होईलच असे गृहीत धरू नका. महिन्यातून एकदा, घरच्या लॅपटॉपवर, नवी आवृत्ती आहे का ते स्वतः पाहा. दोन वर्षांपूर्वीच्या ब्राउझरमधून बँकेचे व्यवहार करणे हे संगणकाच्या मूळ, अद्ययावत ब्राउझरपेक्षा अधिक धोक्याचे आहे.

उत्तर : विद्यार्थी, होटगी रोड

टेल्स ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली पेनड्राइव्हवरून थेट सुरू करता येते. किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो. ती संगणकातील विंडोजला हात लावत नाही, सर्व जोडणी टॉरमधून (वापरणारा कोण व कुठला हे लपवणाऱ्या जाळ्यातून) नेते आणि बंद केल्यावर मागे काही ठेवत नाही. हवे असल्यास फायलींसाठी एन्क्रिप्ट केलेला कप्पाही तिच्यात करता येतो. अमेरिकी सरकारची गुप्त पाळत उघड करणारे एडवर्ड स्नोडेन यांनी २०१३ मध्ये पत्रकारांशी संपर्क ठेवताना तीच वापरली होती. ताईंनी तिचा विचार करावा असे मला वाटते.

उत्तर : संगणक प्रयोगशाळा सहायक, जुळे सोलापूर

टेल्सबद्दलची माहिती बरोबर आहे आणि विंडोजमध्ये दडलेल्या कीलॉगरवर तो खराच उपाय आहे. तरी या कामासाठी तो जुळत नाही. टॉरचे प्रयोजन 'मी कोण' हे लपवणे हे आहे, आणि ताई तर आस्थापनेच्या नावानेच पोर्टलवर लॉगिन करतात. टॉरचे बाहेर पडण्याचे टोक बहुधा परदेशात असते, त्यामुळे बँका आणि सरकारी संकेतस्थळे असे लॉगिन संशयास्पद मानू शकतात किंवा पानच उघडू देत नाहीत. शिवाय मालकांचा संगणक बंद करून तो आपल्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचा तर त्यांची आधी परवानगी हवी. ती न घेता असे करणे योग्य होणार नाही.

उत्तर : कर सल्लागार, सात रस्ता

वरील सर्व तांत्रिक सल्ला मोलाचा आहे, परंतु मला त्याआधीचा एक प्रश्न विचारावासा वाटतो. त्या तीनशे आधार प्रती पेनड्राइव्हमध्ये होत्याच कशासाठी? भविष्य निर्वाह निधीच्या मासिक ईसीआर फायलीत (पोर्टलवर चढवायच्या वर्गणीच्या विवरणात) यूएएन, नाव, वेतन, वर्गणीच्या रकमा आणि बिनपगारी दिवस एवढेच लागते. आधार आणि बँक खाते यूएएनशी एकदा जोडले आणि मंजूर झाले की पुढच्या १५ तारखेच्या भरण्यासाठी त्या प्रतींची गरज उरत नाही. जीएसटीला तर त्यांचा संबंधच नाही. जे सोबत नाही ते हरवत नाही, चोरीला जात नाही आणि त्याला व्हायरसही लागत नाही. नव्या कामगाराच्या नोंदणीपुरती प्रत न्या आणि काम होताच ती पेनड्राइव्हवरून काढून घ्या. ओळखीपुरती प्रत पुरत असेल तिथे मास्क्ड आधार मागा. त्यात बारापैकी शेवटचे चारच अंक दिसतात.

काही जण समजतात की संकेतस्थळावरून उतरवलेल्या ई-आधारला पासवर्ड असतोच, मग काळजी कसली? तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष असतो. ज्या पेनड्राइव्हमध्ये ई-आधार आहे त्याच पेनड्राइव्हमधील पगारपत्रकात नाव आणि जन्मतारीख लिहिलेली असेल, तर त्या पासवर्डने कोणाला अडवले?

कायद्याबद्दल थोडे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ज्याच्या कामासाठी माहिती गोळा होते त्याच्यावर सुरक्षेची वाजवी व्यवस्था ठेवण्याची जबाबदारी टाकली आहे. आपल्या प्रकरणात ती मुख्यतः कारखानदारांवर येते. म्हणून हा खर्च आणि ही काळजी तुम्ही एकटीने वाहू नये. कोणती माहिती कोणत्या साधनात आणि किती दिवस ठेवायची, हे त्यांच्याकडून लेखी घ्यावे. एन्क्रिप्शन वापरणे पूर्णपणे कायदेशीर आहे. मात्र माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६९ नुसार सक्षम अधिकाऱ्याने रीतसर आदेश दिल्यास माहिती उघडून देण्यास साहाय्य करावे लागते, आणि ते न केल्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

राहता राहिले पोर्टलवर डिजिटल स्वाक्षरी करण्यासाठी लावायचे टोकन. ते पेनड्राइव्हसारखे दिसते, पण त्याची रचना वेगळी आहे : त्यातील गुप्त किल्ली त्यातून बाहेर पडत नाही, स्वाक्षरी आतच होते. ते आणि त्याचा पिन एकाच पाकिटात, पिन चिठ्ठीवर लिहून, ठेवलेले मी अनेकदा पाहिले आहे. कृपया तसे करू नका, आणि काम संपताच टोकन संगणकातून काढून घ्या.

प्रश्नकर्तीचे उत्तर : हिशेबनीस, विडी घरकुल

सर्वांचे मनापासून आभार. कर सल्लागार सरांचा प्रश्न वाचून मी बराच वेळ गप्प बसले. त्या प्रती सोबत असण्याचे कारण एवढेच होते, की कधी लागल्या तर परत त्या बायकांना कारखान्यात बोलवावे लागू नये. त्यांचा एक फेरा म्हणजे तेवढ्या वेळाच्या विड्या वळायच्या राहतात, आणि मजुरी विड्यांच्या संख्येवर मिळते. ही सोय त्यांच्यासाठी होती, पण तिची जोखीमही त्यांच्याच माथी होती आणि त्यांना ते कोणी विचारले नव्हते.

आता असे ठरवले आहे. सर्व प्रती घरी, एका वेगळ्या एन्क्रिप्ट केलेल्या साठ्यात राहतील आणि सोबतच्या पेनड्राइव्हवर केवळ चालू महिन्याची पगारपत्रके असतील. पोर्टलवरचा भरणा घरच्या लॅपटॉपवरून, मोबाइलचे इंटरनेट जोडून करीन. कारखान्यातून फक्त हजेरी आणि उत्पादनाचे आकडे आणीन. एका मालकांनी प्रो असलेला संगणक वापरू देण्याचे मान्य केले आहे. फक्त घरच्या लॅपटॉपवर होम असल्यामुळे तिथला साठा कशाने करावा, आणि पासवर्ड कसा निवडावा, एवढे सांगावे. मला मोठे पासवर्ड लक्षात राहत नाहीत.

उत्तर : संगणक दुरुस्ती, नवी पेठ

ताई, घरच्या लॅपटॉपच्या अॅडमिनिस्ट्रेटर तुम्हीच आहात, त्यामुळे तिथे व्हेराक्रिप्ट निश्चिंतपणे वापरा. त्यात फाइलच्या रूपाने एक तिजोरी तयार होते. सर्व प्रती त्यात ठेवा आणि काम झाले की डिसमाउंट करा, म्हणजे तिजोरी पुन्हा बंद होते. तिजोरीच्या सुरुवातीच्या थोड्या भागात तिची किल्ली असते. तेवढा भाग बिघडला तर बरोबर पासवर्ड असूनही तिजोरी उघडणे अडू शकते. म्हणून मेनूमधील बॅकअप व्हॉल्यूम हेडर या सोयीने त्याची प्रत काढून दुसऱ्या ठिकाणी ठेवा. इथे रिकव्हरी की नसते. पासवर्ड विसरला तर मी किंवा दुसरे कोणी काहीही करू शकत नाही, हे आधी स्पष्ट सांगतो, कारण अशी गिऱ्हाइके डोळ्यांत पाणी आणून दुकानातून परत गेलेली मी पाहिली आहेत.

पासवर्डसाठी एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा साधे मराठी शब्द रोमन लिपीत लिहा. शब्दकोश कुठेही उघडून बोट पडेल तो शब्द घ्या, स्वतः सुचलेला नको. अभंगाची किंवा गाण्याची ओळ, मुलांची नावे आणि जन्मवर्षे टाळा. अशा ओळी आणि नावे ओळखीच्याला किंवा यादी चालवणाऱ्या प्रोग्रॅमला सापडतात. व्हेराक्रिप्ट वीस अक्षरांहून लहान पासवर्डवर सावधगिरीची सूचना देते आणि पाच-सहा शब्दांत ती मर्यादा सहज ओलांडली जाते. पहिले दोन आठवडे शब्द कागदावर असू द्या, रोज एकदा न बघता टाइप करा, मग तो कागद ४८ अंकांच्या कागदाबरोबर बंद पाकिटात घालून कपाटात ठेवा. पेनड्राइव्हचा आणि या तिजोरीचा पासवर्ड एकच ठेवू नका, कारण पेनड्राइव्हचा पासवर्ड तुम्ही परक्या संगणकांवर टाइप करणार आहात.

एन्क्रिप्ट केलेला पेनड्राइव्ह तसाच ओढून काढू नका, इजेक्ट करूनच काढा. लिहिण्याच्या मध्येच वीज गेली किंवा तो निघाला तर साध्या पेनड्राइव्हपेक्षा त्यातून फायली परत काढणे खूप अवघड जाते. त्या एमआयडीसीतल्या संगणकाला यूपीएस नसला, तरी मागे प्रत राहू नये म्हणून आकडे तिथल्या डिस्कवर न ठेवता थेट पेनड्राइव्हवर उतरवा, मात्र वीज जाण्याआधी लगेच तो इजेक्ट करा. दर शनिवारी घरी त्याची एक प्रत तिजोरीत टाकत जा. जुना पेनड्राइव्ह घेऊन दुकानात या. हवे ते तुमच्यासमोर काढून देईन आणि चिपही तुमच्यासमोरच फोडीन.